चार फुटी खाऱ्या टाकीचा संप: काय बसवायचं, कुठे आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरच्या एका भाऊंकडे १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची टाकी तयार आहे. खालचं कपाट आतून ११२ सेंमी लांब, ४२ खोल आणि ७२ उंच. आजवर गोड्या पाण्यातले मासे पाळले, आता खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, विकत घेऊन झाला आहे. शिवाय फिल्टर सॉक म्हणजे पाणी गाळायची कापडी पिशवी, शेवाळाचा कप्पा म्हणजे रिफ्यूजियम, कार्बनमधून पाणी फिरवणारा रिअ‍ॅक्टर, हीटर आणि पाणी गार करणारा चिलर असं सगळं संपात, म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायच्या फिल्टरच्या पेटीत, घालायचं आहे. संप केवढा करू आणि कोणत्या क्रमानं बसवू, असं ते विचारतात.

भाऊ, हे सगळं त्या कपाटात बसणार नाही, आणि बसवायची गरजही नाही. मी १७ वर्षं नागपुरात टाक्या लावतोय. फिल्टर कमी पडला म्हणून संप फसला, असं मी फार थोड्या वेळा पाहिलं. पाण्याला जागा कमी पडली म्हणून फसलेले संप मात्र बरेच पाहिले. त्यामुळे आधी पाण्याची जागा काढायची आणि उरलेल्या जागेत उपकरणं बसवायची. तुमच्याच मापांवर करून दाखवतो.

संप ९० × ३८ × ४० सेंमीचा करा, ६ मिमी काचेत. लांबीत २२ सेंमी उरतात ते टॉप-अपच्या, म्हणजे उडून गेलेल्याच्या जागी भरायच्या पाण्यासाठी लागतील. पण काचवाल्याला माप देण्याआधी कपाटाचं दार उघडून मधला उभा दांडा पाहा. चार फुटी कपाटाला मिस्त्री तो हमखास ठोकतो, आणि मग ९० सेंमीचा संप दारातून आत जात नाही. टाकी वर चढवायच्या आधी संप वरून आत ठेवला तर जाईल, पण पुढे कधी गळला तर बाहेर काढायला अख्खी टाकी उतरवावी लागेल. मिस्त्रीला सांगून तो दांडा नट-बोल्टचा करून घ्या. भार मागच्या आणि बाजूच्या उभ्यांवर नीट जातो का, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या.

आता वीज जाते तेव्हाचं पाणी. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे संपाकडे पाणी सांडायच्या खणाच्या, काठावरचं पाणी खाली येतं. शिवाय रिटर्नचं, म्हणजे संपातून पाणी परत वर नेणाऱ्या पाइपाचं, तोंड पाण्यात जेवढं बुडलेलं असेल तिथपर्यंतचं पाणी त्याच पाइपातून उलटं ओढलं जातं. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग १२० गुणिले ४५, म्हणजे ५४०० चौरस सेंमी. पातळी एक सेंमी उतरली की ५.४ लिटर खाली येतं. तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवलं आणि एकूण ३ सेंमी उतरलं, तर १६ लिटर. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या खणातलं धरून २० समजा. संपाचा तळ आतून सुमारे ३३०० चौरस सेंमी, म्हणजे दर सेंमीला ३.३ लिटर. २० लिटरनं पातळी ६ सेंमी चढेल. चालू असताना संपात २२ सेंमी पाणी असेल तर वीज गेल्यावर २८ होईल. काठ ४० वर आहे. बिनघोर झोपा.

तेच तोंड दिसायला बरं म्हणून १० सेंमी खाली नेलं, तर ६० लिटरच्या वर पाणी येईल. २२ अधिक १९, म्हणजे ४१. कपाटाची प्लाय, खालची फरशी आणि बोर्डाची वायर, तिन्ही खाऱ्या पाण्यात. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली की वीज जाते, आणि त्या वेळी घरात कुणी असेलच असं नाही.

यावर उपाय म्हणून रिटर्नच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकतात. त्याच्या भरवशावर राहू नका. धरमपेठेतल्या एका घरी असा व्हॉल्व्ह दोन वर्षं व्यवस्थित चालला आणि एका रात्री चाललाच नाही. युनियन, म्हणजे पाइपाचा खोलता येणारा जोड, सोडवून मी तो हातात घेतला तेव्हा झडपेच्या कडेला वाटाण्याएवढी गोगलगाय अडकली होती, झडप अर्ध्या मिलिमीटरनं उघडी. तेवढ्या फटीतून रात्रभर पाणी येत राहिलं. सायफन तुटावा म्हणून पाइपाला ३-४ मिमीचं भोक पाडतात ते चांगलं आहे, पण त्यात शेवाळ धरतं. दर महिन्याला दात कोरायच्या काडीनं साफ करावं लागतं. खरा भरवसा संपातल्या मोकळ्या जागेवरच ठेवायचा.

आता उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी. इथे नागपूरचा हिशेब मुंबई-गोव्यापेक्षा वेगळा होतो, आणि बाहेरचे नकाशे बघून बनवलेले संप इथेच अडकतात.

संपातल्या आडव्या काचांमुळे पहिल्या कप्प्यांची पातळी बांधलेली असते. बाष्पीभवनानं जी घट होते ती सगळी शेवटच्या, रिटर्नच्या कप्प्यात दिसते. मे महिन्यात पारा ४५ वर असतो, हवा कोरडी ठाक असते आणि संपावर पंखा लावलेला असतो. तेव्हा माझ्या घरच्या चार फुटी टाकीतून रोज ७ लिटरच्या आसपास पाणी उडतं. ऑगस्टमध्ये तीच टाकी २ लिटरही खात नाही. नेहमीच्या नकाशात रिटर्नचा कप्पा १२ सेंमी रुंद असतो. ३७ सेंमी खोली धरून दर सेंमीला ०.४४ लिटर. ७ लिटर म्हणजे पातळी एका दिवसात १६ सेंमी खाली. सकाळी टॉप-अप विसरलात तर संध्याकाळी पंप हवा ओढतोय आणि वरची टाकी बुडबुड्यांनी दुधासारखी झाली आहे. कप्पा ३३ सेंमी रुंद ठेवला तर तेच ७ लिटर जेमतेम ६ सेंमी दिसतील. म्हणून तुमच्या संपाचा सगळ्यात मोठा कप्पा रिटर्नचा असेल. रिफ्यूजियमची जागा याच्यात गेली, आणि ती जावी असंच माझं मत आहे.

मांडणी डावीकडून अशी करा. पहिले १५ सेंमी सॉकला. त्यापुढचे ३० स्किमरला. मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा, दोन काचांमध्ये ४-४ सेंमी मोकळं. उरलेले ३३ रिटर्नला.

त्या तीन काचांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण काचवाला हमखास विचारेल. पहिली काच तळाला चिकटलेली, २२ सेंमी उंच. स्किमरची पातळी हीच बांधते. दुसरी तळापासून ४ सेंमी वर उचललेली आणि वर २६ पर्यंत. तिसरी पुन्हा तळाला चिकटलेली, २० सेंमी. पाणी पहिलीवरून पडतं, दुसरीखालून जातं, तिसरीवरून रिटर्नमध्ये येतं. मधलं अंतर २ सेंमी ठेवायची चूक करू नका. तुमच्या टाकीत पाणी सुमारे २३० लिटर राहील. संपातून ताशी चारपट फिरवायचं म्हणजे १००० लिटरच्या आत-बाहेर. ४ सेंमीच्या फटीतून ते सेकंदाला २ सेंमीहून हळू उतरतं. २ सेंमीच्या फटीत वेग दुप्पट होतो, आणि स्किमरमधून सुटलेले बारीक बुडबुडे वर चढण्याऐवजी प्रवाहाबरोबर खाली ओढले जातात. जास्त प्रवाह म्हणजे जास्त सफाई असं वाटतं, पण संपाला ते लागू नाही. माशांना लागणारी हालचाल वरच्या टाकीत पाणी ढवळणाऱ्या वेव्हमेकरनं करा.

काचा चिकटवताना बाजूंना २-३ मिमी फट सोडा, सिलिकॉनला पकडायला जागा लागते. सिलिकॉन साधं, व्हिनेगरचा वास येणारं घ्या. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक घेऊ नका, त्यातलं औषध माशांना विष आहे. आडव्यांसाठी काही जण अ‍ॅक्रिलिक सुचवतील. काचेला अ‍ॅक्रिलिक सिलिकॉननं टिकून धरत नाही, वर्षभरात सुटतं. चिकटवल्यावर आठवडाभर हात लावू नका.

सॉक. १५ सेंमीच्या कप्प्यात ७ इंची सॉक बसत नाही, ४ इंची दोन शेजारी शेजारी बसतात. तेच बरं, एक तुंबला तरी दुसरा चालतो. सॉकची पट्टी अशा उंचीवर बसवा की दोन्ही तुंबले तरी पाणी पट्टीवरून स्किमरच्या कप्प्यात सांडेल, संपाबाहेर नाही. सॉक दर तीन दिवसांनी बदलायचा. आठवडाभर ठेवलात तर त्यात अडकलेलं खाद्य आणि विष्ठा तिथेच कुजते, आणि जी घाण पाण्यातून काढायची होती तिचं नायट्रेट होऊन परत टाकीत येतं. सहा-आठ सॉक ठेवा, साबण न लावता धुवा आणि कडक उन्हात वाळवा. तीन दिवसांनी बदलणं जमणार नसेल तर सॉक लावूच नका. स्किमर आणि टाकीतले जीवाणू धरणारे दगड टाकी सांभाळतील.

स्किमरशिवाय मात्र खारी टाकी चालवू नका, निदान पहिली तरी. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसाबरोबर कपात चढते. म्हणजे घाण कुजून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर निघते. सॉक आणि जीवाणू बसवायचा बायो मीडिया असं करू शकत नाहीत. गोड्या पाण्यात हा फेस धरतच नाही, म्हणून तुमच्या आजवरच्या टाक्यांत तो तुम्हाला दिसला नसेल.

स्किमरला एकच हट्ट असतो: पाण्याची पातळी हलता कामा नये. म्हणून तो बांधलेल्या पातळीच्या कप्प्यात ठेवायचा, रिटर्नमध्ये कधीच नाही. तुमच्या स्किमरच्या कागदावर किती खोलीत चालवायचा ते लिहिलेलं असेल. समजा १८ ते २० सेंमी आहे आणि कप्प्यात २२ सेंमी पाणी आहे, तर तो ३ सेंमी उचलावा लागेल. त्यासाठी ऑफिसात ट्यूबलाइटखाली लावतात ती चौकटीची पांढरी प्लास्टिक जाळी घ्या, दोन-तीन थर पीव्हीसीच्या तुकड्यांवर ठेवा. काच उंच असेल तर स्किमर उचलता येतो. काच बुटकी झाली तर करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा पहिली काच एक सेंमी उंचच घ्या.

आता कागदावर न दिसणारं माप. स्किमरचा कप रोज नाही तरी दोन-तीन दिवसांनी काढून धुवायचा असतो, आणि तो सरळ वर उचलूनच निघतो. स्किमर ४८ सेंमी उंच, खाली ३ सेंमीचा पाट, कप सुटायला १४ सेंमी. झाले ६५. संपाखालचा थर्माकोल आणि तळकाच धरून आणखी ३. तुमचं कपाट ७२ आहे, म्हणजे बसेल, पण वरच्या फळीखाली आधाराची पट्टी ठोकलेली असली तर नाही. स्किमर रिकाम्या कपाटात ठेवून कप खरंच काढून बघा. मी एकदा हे तपासलं नाही. त्या घरच्या वहिनींना कप काढायला दर वेळी चालू स्किमर तिरका करावा लागायचा, आणि तीन महिन्यांत त्यांनी तो धुणंच सोडलं. टाकीत शेवाळ माजलं तेव्हा मला बोलावलं. दोष त्यांचा नव्हता, मी मोजायला विसरलेल्या चार सेंमींचा होता. पुढच्याच रविवारी जाऊन कपाटाची पट्टी कापून दिली.

नवा स्किमर पहिला आठवडाभर वेड्यासारखा वागेल, कधी कप भरून वाहील, कधी फेसच धरणार नाही. रोज स्क्रू फिरवत बसू नका.

हीटरला नागपुरात काय काम, असं कुणी म्हणेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो, आणि टाकीला २५-२६ अंश लागतात. हीटर स्किमरच्या कप्प्यात तळाशी आडवा ठेवा. रिटर्नमध्ये ठेवला आणि पाणी उतरलं तर तो उघडा पडून तापतो, आणि वरून पाणी आलं की काच तडकते.

चिलर कपाटात कोंबू नका. तो पाण्यातली उष्णता काढून मागच्या पंख्यानं बाहेर टाकतो; बंद कपाटात टाकली तर तीच उष्णता परत संपात जाते. भिंतीपासून फूटभर सुटा, मोकळ्या हवेत ठेवा. त्याचा पंप रिटर्नच्या कप्प्यात ठेवा आणि गार पाणी स्किमरच्या कप्प्यात सोडा. असं केलं की मुख्य पंप बंद पडला तरी ते पाणी काचांवरून फिरून परत रिटर्नमध्येच येतं. उलट, म्हणजे स्किमरकडून ओढून रिटर्नमध्ये सोडेल असं, जोडू नका.

पण चिलर घेण्याआधी एक उन्हाळा पंख्यावर काढता येतो का बघा. कूलर कसा गार करतो ते नागपूरकराला समजावून सांगायला नको. तेच तत्त्व संपावर चालतं. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यानं तुमच्या टाकी-संपातलं २९० लिटर पाणी सुमारे २ अंश उतरतं, बाहेरून उष्णता येत राहते ती वेगळी. कोरड्या मे महिन्यात यानं मोठा आधार मिळतो. मात्र त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट झालेली असते आणि संपावरच्या पंख्याचा जोर निम्म्यावर येतो. टाकीच्या खोलीत कूलरऐवजी एसी असेल, किंवा कूलर दुसऱ्या खोलीत असेल, तर पंखा पुरेल. पाणी २९ च्या वर राहू लागलं तर चिलर घ्याच. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशांचा श्वास वाढलेला डोळ्यांना दिसतो.

पंखा लावला की टॉप-अप आपोआप होणारंच हवं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. ७ लिटर उडाले की क्षारता दर हजारी ३५ वरून ३६ च्या जवळ जाते, आणि रोज वरखाली होणं माशांना जास्त जाचतं. कपाटात उरलेल्या २२ सेंमीत २० लिटरचा पाण्याचा जार बसत नाही, त्याचं पोट जास्त रुंद असतं. २० × ३८ × ३५ मापाची उभी काचेची पेटी करून घ्या. त्यात २० लिटरच भरा. सेन्सर अडकून सगळं पाणी संपात गेलं तरी क्षारता ३५ वरून ३२.७ पर्यंत उतरेल, मासे वाचतील. नळी संपाच्या पाण्यात बुडवू नका, आणि तिचं तोंड पेटीतल्या पाण्यापेक्षा वर ठेवा, नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफन चालू राहतो.

पाणी आरओचंच. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी प्यायला चांगलं असलं तरी त्यात क्लोरीन आणि क्षार आहेत. बोअरचं तर विचारू नका. घरातल्या आरओला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा एक स्क्रू असतो. तो पूर्ण बंद करून घ्या किंवा टाकीसाठी वेगळं पाणी त्याच्याआधीच काढा.

राहिले रिफ्यूजियम आणि रिअ‍ॅक्टर. रिफ्यूजियम उपयोगी आहे, केटो शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट खातं यात वाद नाही. पण तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंमधल्या टाक्या प्रवाळांच्या आहेत. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. दुकानदार मागच्या खोलीतून काढून देत असला तरी घेऊ नका. समुद्रातून काढलेला जिवंत दगडही नको, कोरडा दगड घ्या. जीवाणू बसायला महिना-दीड महिना जातो, तो जाऊ द्या. क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या टाकीला आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की नायट्रेट हाताबाहेर जात नाही. कार्बनला रिअ‍ॅक्टर नको, जाळीच्या पिशवीत घालून पहिल्या-दुसऱ्या काचेमधल्या फटीच्या तोंडाशी ठेवा आणि महिन्याला बदला.

प्लंबिंगचं सामान आणायला इतवारीत जाल तेव्हा पितळी कॉक, पितळी निपल हातात पडेल. स्वस्त आणि मजबूत असतं, पण खाऱ्या पाण्यात त्यातलं तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगाय त्यानं मरतात. सगळं यूपीव्हीसी प्लास्टिकचं घ्या. स्टीलच्या क्लिपाही गंजतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा म्हणजे साफ करायला काढता येईल. खाली येणारा पाइप संपाच्या पाण्यात २-३ सेंमीच बुडवा, आणि त्याच्याशेजारी दुसरा, कॉक नसलेला आणीबाणीचा पाइप असलाच पाहिजे.

वीज. बोर्ड संपाच्या वर नको, कपाटाबाहेर बाजूच्या भिंतीवर. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली पडेल. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावूनच पाण्यात हात घाला. ही गोष्ट पुढे ढकलू नका.

मीठ टाकायच्या आधी साध्या पाण्यावर एक दिवस सगळं चालवा. पातळी स्थिर झाली की मेन स्विच बंद करा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. संपात पाणी कुठपर्यंत चढलं ते बघा, मग पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. पाच-सहा वेळा. काठाच्या खाली निदान ५ सेंमी मोकळे राहिले, तर चालू असतानाच्या रिटर्नच्या पातळीवर बाहेरून काचेवर परमनंट मार्करनं रेघ मारा आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहा: याच्यावर पाणी घालू नये. तुम्ही गावाला गेलात की टाकीत पाणी घालणारा माणूस वेगळा असेल. कपाटाचं दार उघडताच ती रेघ त्याला समोर दिसली पाहिजे.